'डब्ल्यू' की 'एस'?

शेजारी तोफगोळा फुटला, अंगावर ओरखडाही नाही. पण सैनिकाला नीट दिसेना, काही आठवेना. फेब्रुवारी १९१५ मध्ये केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी अशा तीन ब्रिटिश सैनिकांची हकिगत 'लॅन्सेट'मध्ये छापली आणि 'शेल शॉक' हा शब्द सगळीकडे पसरला. एक गोष्ट मायर्सच्या नजरेत भरली होती. दृष्टी, वास, चव बिघडली होती. कान मात्र जवळजवळ शाबूत. एवढ्या धमाक्यात आधी कान जायला हवेत!

फ्रेडरिक मॉट यांना मात्र मृत सैनिकांच्या मेंदूत बारीक रक्तस्राव सापडले. त्यांच्या मते धक्का मेंदूलाच होता. माझ्या मते दोघांकडेही सत्याचा तुकडा होता. पण फौजेला रकाना लागतो. ब्रिटिश फौजेने दोन अक्षरं ठरवली. शत्रूच्या गोळ्यामुळे झालं तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी: बाहीवर पट्टी, पेन्शनचा हक्क. नाहीतर 'एस', म्हणजे आजारी: पट्टी नाही, पेन्शनही नाही. अशा वेळी लवकर बरं होणं म्हणजे आपली जखम खोटी होती असं कबूल करण्यासारखंच. पुढे खुद्द मायर्सनाच तो शब्द नकोसा झाला.

अमेरिकी डॉक्टर थॉमस सॅमन यांनी या अनुभवातून धडा घेतला: उपचार आघाडीजवळ, ताबडतोब, आणि 'तू बरा होणार' या भरवशाने. (त्यात फौजेचा स्वार्थ होताच, माणूस खंदकात परत हवा होता.)

२००८ मध्ये इराकहून परतलेल्या २,५२५ अमेरिकी सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. डोक्याला सौम्य मार बसलेल्यांच्या तक्रारी जास्त होत्या. पण पीटीएसडी आणि नैराश्य हिशेबात धरल्यावर डोकेदुखी सोडून बहुतेक तक्रारींचा त्या माराशी संबंध उरला नाही. म्हणून ते सोंग करत होते असं कोणी समजू नये. झोप उडालेली खरीच होती.

आपल्याकडेही आयईडीतून वाचलेला जवान काही दिवसांनी हळूच विचारतो, "साहब, दिमाग में कुछ रह तो नहीं गया?" उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी असेल तर त्याला लगेच मागे, इस्पितळात पाठवायचं, त्यात चर्चा नाही. पण आरएमओंनी तपासून धोका नाही म्हटलं, की मी त्याच्याजवळ बसून सांगतो: असा मार बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. थोडी विश्रांती, मग हलकं काम, आणि जेवण आपल्या सेक्शनसोबत.