काढता येणारी लेन्स

"आजोबा, याची लेन्स निघते का?"

हा प्रश्न मला विचारला गेला एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या स्टेडियमच्या फाटकावर. शहराचं नाव सांगत नाही. तिथे माझे दोन भाचे राहतात आणि मला पुन्हा तिकिटं लागणार आहेत.

"निघते की!" मी मोठ्या अभिमानाने म्हटलं आणि लेन्स काढून दाखवली. साठीशांतीला मुलाने दिलेला कॅमेरा होता तो. तो कोणी कौतुकाने बघितला की मला बरं वाटतं. पण फाटकावरच्या माणसाने माझं प्रात्यक्षिक गुन्ह्याचा कबुलीजबाब म्हणून घेतलं.

"म्हणजे प्रोफेशनल कॅमेरा. आत नेता येणार नाही."

"अहो, माझी कवळीसुद्धा निघते. म्हणून मी काय धंदेवाईक जेवणारा झालो?"

रांगेतली माणसं हसली. फाटकावरचा हसला नाही. कवळीला हरकत नाही, एवढं मात्र त्याने स्पष्ट केलं.

सामान ठेवायची सोय नव्हती. शेवटी समोरच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने शंभर रुपये घेऊन कॅमेरा कपड्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. "तुमचा आजचा चौथा," तो म्हणाला. देशात कुठे कुठले जोडधंदे निघतील, सांगता येत नाही. आत जाऊन बसलो तर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि प्रत्येक जण मॅचकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होता. चाळीस हजार कॅमेऱ्यांच्या त्या मैदानात कॅमेरा नसलेला मी एकटा. आणि 'प्रोफेशनल' ठरलेला तोही मीच!

अपमान झाला की काही माणसं भांडतात. मी इतिहासात शिरतो. इतिहास उलट उत्तर देत नाही.

पहिली गोष्ट अशी की, पूर्वी असल्या नियमाची गरजच नव्हती. काचेच्या प्लेटा, लाकडी पेटी, तिवई आणि डोक्यावर घ्यायचं काळं फडकं एवढा संसार घेऊन खेळ बघायला कोण जाणार? त्याला तिकीट नव्हे, बैलगाडी लागली असती. १८८८ साली कोडॅकने शंभर फोटोंची फिल्म भरलेली हातातली पेटी काढली आणि १९०० साली एका डॉलरचा 'ब्राउनी' काढला, तेव्हा कुठे कॅमेरा पोराटोरांच्या हाती आला. आमच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना सिनेमाच्या आधी फोटोग्राफीचा धंदा करताना वेगळीच अडचण आली. कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत होती. तेव्हा गिऱ्हाईक कॅमेऱ्याला भीत असे. आता स्टेडियमवाले भितात. फाळक्यांनी १९१३ साली ज्या नाशकात सिनेमाचा कारखाना आणला, त्या गावच्या माणसाच्या हातातला कॅमेरा काढून घेतात म्हणजे काय!

पण माझा खरा इतिहास वेगळाच आहे, आणि तो माझ्या मामापासून सुरू होतो.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होता. आमच्याकडे 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. प्रेस म्हणजे नोटा आणि तिकिटं छापायचा सरकारी कारखाना. तिथला कामगार पाळी संपली की झडती देऊनच घरी जायचा. मामाला त्याचं काही वाटत नसे. कुठल्याही फाटकापाशी गेला की त्याचे दोन्ही हात आपोआप वर होत. एकदा काळाराम मंदिराच्या दारातसुद्धा झाले होते. पुजाऱ्याला वाटलं, भक्ती.

या मामाने मला जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची टेस्ट दाखवायला मुंबईला नेलं. वानखेडे स्टेडियमवरची ती पहिलीच टेस्ट. ब्रेबॉर्नवरच्या सीटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं इतकं बिनसलं, की संघटनेने अर्ध्या मैलावर स्वतःचं वेगळं स्टेडियमच बांधलं. भाऊबंदकीत माणसं वेगळी चूल मांडतात. यांनी वेगळी खेळपट्टी मांडली. आम्ही सीबीएसवरून एस.टी.ने कसारा घाट उतरून गेलो आणि गिरगावात एका नातेवाइकाच्या गॅलरीत पथारी टाकली. बरोबर दोन दिवसांच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, डझनभर संत्री, पाण्याची सुरई आणि माझ्या गळ्यात उसना आणलेला आगफा क्लिक-थ्री.

फाटकावर मामाने सवयीने हात वर केले. तिकीट फाडणारा त्याच्याकडे बघतच राहिला. कोणी पिशवी उघडली नाही, की कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. आज ती सुरई फाटकावर दिसली तर पोलिसांची गाडी येईल.

क्लिक-थ्रीच्या एका रोलमध्ये बारा फोटो. मामाने मला बजावून ठेवलं होतं, "बारा म्हणजे बारा. नोट छापतोयस असं समज." दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ जानेवारीला, क्लाइव्ह लॉईड आमच्या गोलंदाजांना असा काही धुवत होता की बघणाऱ्याला दया यावी. त्याचे मी नऊ फोटो काढले. पुढे रोल धुऊन आला तेव्हा नऊच्या नऊ फोटोंत लॉईड नव्हता. म्हणजे होता, पण शोधावा लागत होता. नंतर एका जाणकाराने मला हिशेब समजावला. त्या कॅमेऱ्याची लेन्स साडेबहात्तर मिलिमीटरची. सव्वासहा फुटांच्या वरचा लॉईड ऐंशी मीटरवरून निगेटिव्हवर उमटतो जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. मोहरीचा दाणा! वेस्ट इंडीजचा कर्णधार मी फोडणीत टाकला होता.

लॉईडचं द्विशतक झालं आणि एक प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला आनंदाने मैदानात धावत गेला. पोलिसांनी त्याला धरून बडवलं. बघता बघता सगळं स्टेडियम खवळलं. चहानंतरचा खेळ झालाच नाही. पण मी सांगतोय ते त्या आधीचं. तो माणूस मार खात होता, तेव्हा माझ्याकडे तीन फोटो शिल्लक होते. मी कॅमेरा उचलला. एकविसाव्या वर्षी तेवढीच अक्कल असते. तेवढ्यात लेन्ससमोर एक पंजा आला.

"नको," मामा म्हणाला. "मार खाणाऱ्या माणसाचा फोटो काढू नये. त्यालाही घर असेल. काढायचाच तर माझा काढ."

तोपर्यंत माझं बोट दाबलं गेलं होतं. खटका वाजला.

तेव्हा कॅमेऱ्यावरची बंदी मी पहिल्यांदा अनुभवली ती पोलिसांची नव्हे, क्रिकेट मंडळाची नव्हे, मामाची. नंतर मी बऱ्याच बंद्या बघितल्या. इतकी पटलेली दुसरी नाही.

पुढच्या बंद्या दोन वाटांनी आल्या. पहिली वाट भीतीची. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंची हत्या झाली आणि जगभरच्या फाटकांवरचा पहारा वाढत गेला. १९९६ च्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला ईडन गार्डन्सवर लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. १७ एप्रिल २०१० ला बंगलोरच्या चिन्नास्वामी स्टेडियमपाशी मॅचच्या आधी स्फोट झाले. फाटकाबाहेर पिशव्या, डबे, बाटल्या यांचा ढीग साठू लागला तो असा. याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तिवईवरही बंदी हवीच. गर्दी पळाली तर पहिला पाय तिवईतच अडकायचा. फ्लॅश तर काढूच नये. उजेडाचं गणित असं, की अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. गॅलरीतून मारलेल्या फ्लॅशने फलंदाज उजळत नाही. पुढच्या रांगेतलं टक्कल उजळतं. माझं उजळलेलं आहे.

दुसरी वाट पैशाची. एके काळी मॅच दाखवण्यासाठी दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागत असे, हे आज नातवाला सांगितलं तर तो मला तपासायला डॉक्टरकडे नेईल. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून तंटा झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ साली निकाल लागला: हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नव्हे. जनतेची मालमत्ता म्हटल्यावर मला आनंद झाला होता. त्यातला माझा वाटा अजून यायचाय. लहरी मोकळ्या झाल्या आणि चित्रं महाग झाली. २०१२ साली इंग्लंडचा संघ आला तेव्हा मंडळाने गेटी इमेजेससारख्या फोटो विकणाऱ्या संस्थांना आत येऊ दिलं नाही. निषेध म्हणून रॉयटर्स, एपी आणि एएफपी या बड्या वृत्तसंस्थांनी त्या दौऱ्याचं वार्तांकन थांबवलं. जिथे रॉयटर्सची डाळ शिजत नाही तिथे माझी कवळी काय चालणार! २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली विकले गेले ते ४८,३९० कोटी रुपयांना. एका चेंडूचं चित्र एवढ्या किमतीचं झाल्यावर ते माझ्यासारख्याने फुकट घरी न्यावं, हे कोणाला पटेल?

आणि इथे मला मामाची प्रेस आठवली. प्रेसमध्ये झडती बाहेर पडताना होते, कारण मौल्यवान वस्तू आत असते. स्टेडियममध्ये ती आत शिरताना होते. मला वाटायचं, मी आत काय नेतो याची त्यांना काळजी आहे. पिशवीपुरती ती खरीही आहे. पण लेन्सच्या बाबतीत काळजी उलटी आहे. मी बाहेर काय नेईन, ही! चित्र म्हणजे नोट, ती छापायचा हक्क एकाचाच, आणि माझा कॅमेरा म्हणजे खोट्या नोटांचा छापखाना.

हे एकदा ध्यानात आलं की जगभरचे नियम कळायला लागतात. विंबल्डनला तीनशे मिलिमीटरपर्यंतची लेन्स चालते, त्यापुढची नाही. मोहरीचाच हिशेब पुढे नेऊन बघा. तीनशेच्या लेन्सने ऐंशी मीटरवरचा लॉईड सात मिलिमीटरचा होतो, म्हणजे पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची जवळजवळ तिसरा हिस्सा उंची. त्याहून मोठा झाला की तो छापण्याजोगा, म्हणून विकण्याजोगा. मोहरी घरी न्या, नारळ आमचा. अमेरिकेत ऑगस्टाच्या गोल्फ क्लबवर तर मास्टर्स स्पर्धेच्या सरावाच्या दिवशीच फोटो काढू देतात. प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवशी कॅमेरा बंद, आणि मोबाईल तर रोजच बंद. म्हणजे साखरपुड्याचे फोटो काढा, लग्नाचे नको.

गोल्फ क्लब आमच्या नाशकातही आहे. म्हणजे मैदानाचं नावच गोल्फ क्लब. पाटीवरचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'शारदा' नाटकाला विजयानंद थिएटरात आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी पिस्तूल झाडलं आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते फासावर गेले. आज झडती देताना माझ्या मनात येतं, की ज्या मैदानात मी खिसे उलटे करतो त्याला नाव आहे अशा एका प्रेक्षकाचं, ज्याचे खिसे कोणी तपासले नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये इथे महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना होता. नातवाला घेऊन गेलो. मुलाने दिलेला कॅमेरा घरी ठेवला आणि माळ्यावरचा क्लिक-थ्री गळ्यात घातला. उसना आणलेला तोच. मूळ मालकाला परत करायचा राहून गेला. फाटकावर माझे दोन्ही हात आपोआप वर झाले. वय झालं की माणूस मामावर जातो.

"आजोबा, याची लेन्स निघते का?"

"नाही."

"मग जा."

आत सकाळचं कोवळं ऊन होतं. आम्ही द्राक्षं काढली. तेवढ्यात आमच्या खालच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ अडखळून पडले. डबा उघडला, पोळ्या पायऱ्यांवरून घरंगळल्या. दोन-चार मोबाईल लगेच वर झाले. त्यांत आमच्या चिरंजीवांचाही. विचार करायच्या आत माझा पंजा त्याच्या मोबाईलसमोर गेला होता.

"नको रे. काढायचाच तर माझा काढ."

खटका वाजला नाही. मोबाईलला खटका नसतो. नातू खाली उतरून त्या गृहस्थांचा डबा गोळा करायला गेला, आणि मी त्याने काढलेला फोटो बघत बसलो.

आमच्या बैठकीच्या खोलीत मामाचा फोटो आहे. १९९१ साली तो गेला तेव्हा शोधाशोध केली, तर त्याचा प्रेसच्या ओळखपत्रावरचा एकच फोटो मिळाला, तोही पकडून आणलेल्या चोराचा वाटावा असा. शेवटी क्लिक-थ्रीचा तो दहावा फोटो मोठा करून लावला. एका हातात अर्धं सोललेलं संत्रं, दुसरा पंजा पुढे, मागे उठून उभी राहिलेली धूसर गर्दी आणि चेहऱ्यावर नुकतंच येऊ घातलेलं हसू. लॉईडचे नऊ फोटो कुठे गेले ते माहीत नाही. कोणत्याही मंडळाला ज्याचे हक्क विकत घ्यावेसे वाटणार नाहीत, असा तेवढा एकच फोटो मी त्या स्टेडियमबाहेर आणला. घरी येणारा नवा माणूस पुढे केलेला तो पंजा बघून नमस्कार करतो आणि विचारतो, "कुठले महाराज?"

नातू परत आला. मी त्याला म्हटलं, "हा फोटो पुसू नकोस. पुढेमागे मोठा करून लावायला लागेल."

त्याने मोबाईल हातात घेऊन नीट बघितलं. "आजोबा, यात मॅच कुठे दिसतच नाहीये."

"तेच तर," मी म्हटलं. "द्राक्षं घे."