राजगृहाच्या दोन खोल्या

संग्रहालयातला कार्यक्रम म्हटला की निमंत्रणपत्रिका, दीपप्रज्वलन आणि रिकामी पहिली रांग डोळ्यांसमोर येते. दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’ला यातले काही लागत नाही. तिथला मोठा दिवस ६ डिसेंबरचा, आणि तो लोकांनीच ठरवलेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर बांधले, ते राहण्याइतकेच पुस्तकांसाठी. नाव दिले मगधाच्या जुन्या राजधानीचे. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन इथेच झाले. ग्रंथांचा मोठा भाग पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. ६ डिसेंबर १९५६ला दिल्लीत बाबासाहेब गेले, तेव्हा पार्थिव याच घरी आणले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा इथूनच दादर चौपाटीकडे निघाली.

त्या यात्रेची दोन टोके लोक अजून जोडतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे चैत्यभूमीवर माथा टेकतात, शिवाजी पार्कच्या स्टॉलवर पुस्तके घेतात आणि रूळ ओलांडून राजगृहाची वाट विचारतात. पाहायला मिळतात तळमजल्यावरच्या खोल्या, छायाचित्रे, वापरातल्या वस्तू. बाकीचे घर कुटुंबाचे. पाहणे लवकर आटोपते, पण कुणी फसल्यासारखा बाहेर पडत नाही. घरी जाऊन आल्याचे समाधान वेगळेच!

आम्ही दादरकर त्या दिवशी गर्दीवर चिडतो. मी स्वतः राजगृहात पहिल्यांदा गेलो तो चाळिशीनंतर, तेही परभणीच्या एका गृहस्थांनी पत्ता विचारला म्हणून.