वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर 'पोट भरलं' हे ओळखायचं कसं?

लग्नाची पंगत आहे. पानात दोन चमचे वरण, अर्धी वाटी भाजी आणि पनीरचे तीन तुकडे. तेवढ्यात वाढपी येतो, मागून मावशी म्हणते, "अगं, एवढंच? एक पुरी तरी घे!" बॅरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी ती एक पुरी साधी गोष्ट नसते. ती खाल्ली तर पुढच्या पाच मिनिटांत वॉशबेसिनकडे धावावं लागू शकतं.

ऑपरेशनमुळे जठर लहान होतं, पण वर्षानुवर्षांची खाण्याची सवय तशीच राहते. म्हणून किती खायचं आणि कुठे थांबायचं, हे नव्याने शिकावं लागतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय बदलतं?

सर्वसाधारण जठरात एका जेवणाला लिटरभर किंवा त्याहून जास्त अन्नपाणी मावू शकतं. सध्या जास्त केल्या जाणाऱ्या दोन ऑपरेशनांमध्ये ही जागा एकदम कमी होते.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद जठर. काढलेल्या भागातच भूक वाढवणारं 'घ्रेलिन' नावाचं हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने अनेकांना भूकच लागत नाही.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. औषधाच्या बाटलीचं टोपण १० मिलीचं धरलं, तर तशी फक्त तीन टोपणं!

दोन्ही ऑपरेशनांनंतर अन्न आतड्यात लवकर पोहोचतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी हार्मोन्स वाढतात. म्हणजे कमी खाऊनही तृप्ती मिळते ती केवळ जागा कमी झाल्यामुळे नाही.

किती खायचं?

पहिल्या काही आठवड्यांत आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात. आधी पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दूध-ताक-सूप, मग मिक्सरमधून काढलेलं अन्न, मग मऊ पदार्थ. नेहमीच्या जेवणावर यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नेमकं वेळापत्रक तुमचे सर्जन आणि आहारतज्ज्ञ ठरवतात.

सुरुवातीला एका वेळी पाव ते अर्धा कप अन्न पुरतं. वर्षभरानंतर बरेच जण साधारण एक कपभर खाऊ शकतात. प्रमाण वाढलं की "पोट पुन्हा मोठं झालं" अशी भीती वाटते, पण सूज उतरल्यावर आणि जठर सरावल्यावर थोडी वाढ होणं अपेक्षितच असतं.

जागा कमी असल्याने क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर पोळी किंवा भात. बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅमच मिळतात, म्हणून आधी भातावर पोट भरलं तर हा हिशोब जुळत नाही. अंडी, मासे, चिकन, पनीर, घट्ट दही, मुगाचं घट्ट वरण, सोया असे पदार्थ दिवसभरात वाटून घ्यावे लागतात. गरज असेल तर डॉक्टर प्रोटीन पावडर देतात.

पोट भरल्याची नवी खूण

ऑपरेशनआधी अनेकांसाठी पोट भरणं म्हणजे तड लागणं. आता तिथपर्यंत जायचंच नाही. नवे संकेत बारीक असतात:

- छातीच्या मधल्या हाडाखाली हलका दाब जाणवणं
- अचानक उचकी किंवा ढेकर येणं
- नाकातून पाणी येणं किंवा शिंक येणं
- नकळत मोठा श्वास सोडला जाणं
- पुढचा घास नकोसा वाटणं

प्रत्येकाची खूण वेगळी असते. पहिली खूण दिसली की हातातला घास खाली ठेवायचा. त्यानंतरच्या एका घासाने दुखणं, तोंडाला पाणी सुटणं, अन्न अडकल्यासारखं वाटणं आणि उलटी हे सगळं होऊ शकतं.

यासाठी काही साध्या सवयी उपयोगी पडतात. ताटाऐवजी छोटी बशी घ्या. चहाच्या चमच्याने खा. घास बारीक घेऊन २०-३० वेळा चावा. जेवणाला २० ते ३० मिनिटं द्या. मोबाइल बघत जेवलं की खूण हमखास निसटते. ताजी मऊ पोळी, पाव, चिकट भात आणि कोरडं चिकन सुरुवातीला अनेकांना अडकतं. ते शेवटी आणि थोडं थोडं करून बघा.

पाणी जेवताना का नाही?

छोट्या पिशवीत पाणी गेलं की अन्नाला जागा उरत नाही. शिवाय जेवणासोबतच्या पाण्यामुळे अन्न लवकर पुढे सरकून पुन्हा भूक लागू शकते, असंही डॉक्टर सांगतात. म्हणून जेवल्यानंतर साधारण अर्धा तास पाणी टाळायला सांगतात. पण दिवसभर घोट घोट पाणी पिणं तितकंच गरजेचं आहे, कारण एकदम ग्लासभर पाणी आता पिता येत नाही आणि शरीरातलं पाणी पटकन कमी होतं. सोडा आणि कोल्ड्रिंक टाळलेलं बरं.

सहज उतरणाऱ्या पदार्थांचा धोका

आइस्क्रीम, बिस्किटं, फरसाण, गोड चहा, फळांचा रस हे पदार्थ अडकत नाहीत आणि पोट भरल्याची खूणही देत नाहीत. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं, तर छोट्या जठरातूनही भरपूर कॅलरी जातात. वजन पुन्हा वाढण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे.

बायपासनंतर गोड खाल्ल्यावर 'डम्पिंग'चा त्रासही होऊ शकतो. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब होतात. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येऊन चक्कर येते.

डॉक्टरांना कधी गाठायचं?

थांबत नसलेल्या उलट्या, पाणीही न टिकणं, ताप, खूप जोराची धडधड, असह्य पोटदुखी किंवा काळी शौच झाल्यास थांबू नका. सतत उलट्या झाल्या तर जीवनसत्त्व बी-१ कमी होऊन मेंदू आणि नसांना इजा होऊ शकते. म्हणून "ऑपरेशन झालंय, उलट्या होणारच" असं समजून घरी बसणं धोक्याचं आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ठरलेल्या रक्ततपासण्याही बंद करू नका.

घरच्यांसाठी

आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचं लक्षण, आणि पानात टाकणं हे वाईट. ऑपरेशन झालेल्या माणसाची या दोन्हींमध्ये कोंडी होते. त्यामुळे आधीच कमी वाढा, पुन्हा हवं असेल तर तो मागेल. आणि शेवटचा घास ताटात राहिला, तर राहू द्या.