पचमढीचा उन्हाळा : विश्रांतीचा एक इतिहास

मध्य प्रदेशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांत वैशाखाच्या सुमारास एक विषय हमखास निघतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, गावाकडून आजी-आजोबा येऊन राहिलेले असतात, लांब रजेची आशा नसते, आणि शनिवार-रविवार एवढेच काय ते हाती असते. मग पचमढीचे नाव पुढे येते. भोपाळहून सुमारे दोनशे किलोमीटर, पिपरिया स्थानकापासून सुमारे पन्नास. साडेतीन हजार फुटांची उंची. खालच्या मैदानापेक्षा पुष्कळ सौम्य ऊन. आणि सभोवार सातपुडा राष्ट्रीय उद्यानाचे रान. दोन दिवसांसाठी याहून सोयीचे ठिकाण त्या भागात शोधून सापडणार नाही. परंतु बेत आखावयास बसले म्हणजे जी यादी तयार होते, ती पाहून हसू येते. सूर्योदय अमुक ठिकाणी, सूर्यास्त तमुक ठिकाणी, मध्ये पाच प्रेक्षणीय स्थळे, भोजनास पाऊण तास. दौऱ्याचा कार्यक्रम आखण्याची आम्हां सरकारी नोकरांची सवय घरच्या सुट्टीसही सोडीत नाही. ही सवय आणि हे गाव यांचा संबंध मात्र वाटतो त्याहून जुना आहे, आणि तो समजून घेतल्यास बेत आखण्याची रीतच बदलावी, असे आमचे मत आहे.

पचमढी या नावाची लोकांनी लाविलेली व्युत्पत्ती सरळ आहे : पाच मढ्या, म्हणजे गावाशेजारच्या वाळूच्या खडकाच्या टेकडीत कोरलेल्या पाच गुंफा. त्यांचा संबंध पांडवांच्या वनवासाशी जोडला जातो. आपल्याकडेही जेथे जेथे कोरीव लेणे, तेथे तेथे पांडव, असा लोकसंप्रदाय आहेच. पण या डोंगरांतील मनुष्यवस्तीचा पुरावा या गुंफांहूनही पुरातन आहे. महादेव डोंगराच्या खडकांच्या आडोशांत शिकारीची, नाचाची, जनावरांची रंगीत चित्रे आहेत. १९३० च्या दशकात गॉर्डन या अभ्यासकाने त्यांचा कसून अभ्यास केला, आणि त्याच सुमारास नागपूरचे प्राध्यापक हंटर यांनी डोरोथी डीप या गुहेत उत्खनन करून दगडाची सूक्ष्म हत्यारे उजेडात आणली. तात्पर्य, या पठारावर माणसे फार पूर्वीपासून राहत आली. ती विश्रांतीसाठी आलेली नव्हती. तेच त्यांचे घर होते.

मराठ्यांच्या इतिहासात हे डोंगर प्रथम ठळकपणे येतात ते आश्रयस्थान म्हणून. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य डळमळले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांस अटक करून अलाहाबादेकडे रवाना केले. परंतु मे १८१८ मध्ये वाटेतच पहाऱ्यातून निसटून ते महादेव डोंगरात शिरले. इंग्रजांनी मोठे बक्षीस लाविले, फौजा पाठविल्या. तरीही गोंड सरदारांनी त्यांस कित्येक महिने आसरा दिला. फेब्रुवारी १८१९ मध्ये ते तेथून निघून अशीरगडास पोहोचले, एप्रिलात तो किल्लाही पडला, आणि शेवटी १८४० साली परक्या मुलखात, जोधपूर येथे, त्यांचा अंत झाला. ज्यांच्या पदरी सैन्य उरले नाही व खजिना उरला नाही, अशा राजास डोंगरातल्या माणसांनी पकडून दिले नाही, ही गोष्ट आम्हां मराठी लोकांनी विसरण्याजोगी नाही.

चाळीस वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला. ऑक्टोबर १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस उतरले व सातपुड्यातून मुलताईकडे गेले. या भागातील कोरकू जहागीरदार भभूतसिंग याने त्यांच्या बाजूने इंग्रजांशी झुंज दिली. तात्या निघून गेले. भभूतसिंगास कोठे जाता येणार? तो पकडला गेला आणि १८६० साली जबलपुरात त्यास फाशी झाली. ज्या डोंगराने पाहुण्यास जागा दिली, त्या डोंगराच्या धन्याने तिची किंमत अशी मोजली.

यानंतर दोनच वर्षांनी कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीस आला. सहलीची बहुतेक माहितीपत्रके त्याने १८५७ साली पचमढीचा 'शोध' लाविल्याचे सांगतात. परंतु १८७१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हा प्रवास जानेवारी १८६२ चा आहे. शोध हा शब्द तर त्याहूनही चुकीचा. पठारावर कोरकूंचे गाव होते, त्यांचा ठाकूर होता, देवस्थाने होती, आणि यात्रेकरूंची वाट होती. फोर्सिथ आला तो नव्या मध्य प्रांताच्या जंगलांची पाहणी करण्याच्या सरकारी कामावर. त्याने तेथे बांधलेले घर म्हणजेच बायसन लॉज. आणि ते उभे करण्यास हात लागले ते गोंड-कोरकूंचे. फोर्सिथची नजर तीक्ष्ण होती, यात शंका नाही. पश्चिमेकडचा साग आणि पूर्वेकडचा सालवृक्ष या डोंगरांत एकमेकांस भेटतात, हे त्याने अचूक टिपले आहे. आजही ही गोष्ट मुलांना झाडे दाखवून समजावता येते.

त्यानंतरचे १८६५ हे साल या प्रदेशाच्या इतिहासात दोन दृष्टींनी ध्यानात ठेवावे. त्या साली पचमढीच्या पायथ्याचे बोरीचे जंगल राखीव करण्यात आले. हिंदुस्थानातील राखीव जंगलांत त्याचा मान पहिला समजला जातो. त्याच साली महादेवाच्या यात्रेत पटकीची साथ उद्भवली, आणि पुढे काही काळ सरकारने यात्राच बंद ठेवली. झाडे तोडून, ती जाळून, त्या राखेत धान्य पेरण्याची डोंगरी लोकांची फिरती शेती हळूहळू गुन्हा ठरली. साग वाचला, ही गोष्ट खरी; त्या कायद्यावाचून तो रेल्वेच्या रुळांखाली केव्हाच गेला असता. परंतु कालपर्यंत जे रान ज्यांचे होते, तेच त्यात परवानगीने शिरणारे झाले, हेही तितकेच खरे.

१८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरवरून पुरा झाला आणि पिपरियास गाडी येऊ लागली. मग पचमढी मध्य प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठाणे बनली. उन्हाळा लागला की नागपूरच्या कचेऱ्यांचा मोठा भाग डोंगरावर चढत असे. साहेबांस हवापालट होई. पण दफ्तरे बरोबर, टपाल बरोबर, कारकून बरोबर आणि हुकूमही बरोबर. या राहुटीत मराठी कारकुनांचा भरणा साहजिकच असे, कारण नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्यांच्या वाट्यास पचमढीचा गारवा आला. विश्रांती आली असेल असे वाटत नाही. थंड जागी जाऊन काम करावयाचे, ही पचमढीची मूळ सरकारी कल्पना. आमच्या सुट्टीच्या यादीत जो दौरा डोकावतो, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली. नागपूर मुंबई राज्यात आले, पचमढी मध्य प्रदेशात राहिली, आणि कचेऱ्यांची ती उन्हाळी चढण पुढे थांबली. (जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची एक बैठक पचमढीत भरली, आणि पचमढी अभयारण्यास भभूतसिंगाचे नाव देण्याचे जाहीर झाले, इतिहासाने घेतलेले हे वळण नोंदविण्यासारखे आहे.) १९८१ साली ५२४ चौरस किलोमीटरचे सातपुडा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९८५ साली केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, आणि कारकुनापासून सचिवापर्यंत प्रत्येकास शनिवार-रविवार सलग मिळू लागले. डोंगरावर दफ्तराशिवाय जाण्याची सोय आम्हां नोकरदारांना खऱ्या अर्थाने तेव्हा झाली.

मात्र ज्या काळात आमची विश्रांती वाढली, त्याच काळात दुसऱ्या कोणाचे गाव उठले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. गेल्या वीसएक वर्षांत उद्यानातील अनेक कोरकू व गोंड गावे बाहेर वसविण्यात आली. उठलेल्या गावांच्या शेतांवर गवत वाढले, त्या कुरणांत चितळ व गवे चरू लागले, आणि २०१५ पासून कान्हाहून आणलेल्या बाराशिंग्यांसही बोरीत जागा मिळाली. गाडीतून ज्या विस्तीर्ण हिरव्या पटांगणावर आमची मुले आनंदाने हरणे मोजतात, तेथे कोणाचे तरी अंगण असू शकते. याचा अर्थ सहलीस जाऊ नये असा नाही. पाहुण्याने घर कोणाचे, एवढे ओळखून असावे, इतकाच आहे.

आता बेताविषयी. आमच्या मते दोन दिवसांत तीन गोष्टी पुरेत. पहिल्या दिवशी पहाटे निघावे, ऊन चढण्यापूर्वी पठार गाठावे आणि दुपार सर्वांनी मिळून स्वस्थ झोपण्यात घालवावी. या झोपेस कार्यक्रमात मानाचे स्थान द्यावे. सायंकाळी धूपगड. १३५० मीटरांच्या आसपास उंचीचे हे शिखर सातपुड्यात सर्वांत उंच. वाहन वरपर्यंत जात असल्याने आजी-आजोबांचीही गैरसोय होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायसन लॉज व पांडवगुंफा, आणि त्यानंतर एखाद्या ओढ्याच्या काठी सावली. मे महिन्यात धबधब्यांची धार बारीक झालेली असते, तेव्हा अप्सराविहारचे पाणी पाहून मोठ्यांची निराशा होईल. मुलांची होणार नाही, कारण त्यांस पाय बुडण्यापुरते पाणी पुरते. चौरागडच्या हजाराहून अधिक पायऱ्या उन्हाळ्यात मुले व वृद्ध यांच्यावर लादू नयेत. देनवा नदीपलीकडचे मढई, जेथे होडीतून व पायी चालूनही रान पाहता येते, त्यासाठी स्वतंत्र सुट्टी ठेवावी. ती मात्र पावसाळ्यात नको, कारण जुलै ते सप्टेंबर उद्यानाचा गाभा बंद असतो.

त्या बंद महिन्यांतही एक वाट काही दिवस उघडते, आणि ती सर्वस्वी मराठी पायांची वाट म्हणावी अशी आहे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेस विदर्भातून हजारो माणसे पावसात, चिखलात, डोंगर चढत-उतरत जातात. महाशिवरात्रीस हेच लोक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. त्यांच्यापाशी परतीच्या गाडीखेरीज दुसरे वेळापत्रक नसते. आप्पासाहेब आश्रयास गेले, फोर्सिथ पाहणीस गेला, कचेऱ्या गारव्यास गेल्या. या सर्वांच्या आधीपासून जे जात आले आणि सर्वांनंतरही जात राहिले, ते हे यात्रेकरू. त्यांनी डोंगराकडे कधी काही शोधले नाही, काही राखीव केले नाही. ते गेले, नमस्कार केला आणि परत आले.

परमुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस पचमढी जवळची वाटते ती तिच्या हवेमुळे, हे ठीकच आहे. परंतु आपल्या आधी आपलेच लोक येथे राजे म्हणून आश्रय मागण्यास, कारकून म्हणून काम करण्यास आणि भाविक म्हणून पायी आले, हे मुलांस माहीत असणे बरे. धूपगडावर सूर्य बुडताना पाहण्यास अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात घरातल्या वडीलधाऱ्याने भभूतसिंगाची हकिकत सांगितली आणि मुलांनी ती ऐकली, तर आमच्या मते सुट्टी सार्थकी लागली. बाकीची स्थळे पुढच्या वर्षासाठी राहू द्यावीत.