हवा कुठून जाते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९७९ सालच्या हिवाळ्यात मी माझ्या मामांच्या ट्रकवर क्लीनर होतो. मानवतला कापसाच्या गाठी भरायच्या आणि पाथरी, माजलगाव, पाथर्डी, तेव्हाचे अहमदनगर असे करत माळशेज घाट उतरून कल्याणकडे जायचे, ही आमची नेहमीची फेरी. पुढे या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग २२२ असे नाव मिळाले, आता त्याचा क्रमांक ६१ आहे. गोदाकाठच्या सपाट मुलखात ब्रेक थोडा उशिरा लागला तरी निभावून जाते. माळशेजमध्ये निभावत नाही.

गाडी बरीच जुनी, ब्रेक हवेचे. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, पायाखालच्या व्हॉल्व्हमधून ती चाकाजवळच्या डब्यात जाते, तिथला रबरी पडदा म्हणजे डायफ्राम फुगतो आणि दांडा पुढे ढकलतो. मग ड्रममधले लायनर पसरतात आणि चाक थांबते. समोरच्या काट्यावर सात किलोच्या आसपास हवा दिसली की ड्रायव्हर निर्धास्त. त्या दिवशी भरलेली गाडी रात्री पाथरीत उभी केली तेव्हा काटा सातवर होता. सकाळी पाहिले तर शून्यावर.

मामा म्हणाले, "त्यात काय, चालू केली की भरंल." भरलीही. पण निघण्यापूर्वी मिस्त्रींना दाखवून घ्यावे म्हणून गाडी त्यांच्या शेडसमोर लावली. मिस्त्री वयस्कर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन बंद करायला लावले आणि म्हणाले, "पैले कान लगाव, फिर पाना." आजूबाजूचे आवाज थांबवून ते गाडीखाली आडवे झाले. मला साबणाचे पाणी आणि जुना ब्रश आणायला सांगितले. टाकीच्या तळाशी पाणी सोडायचा जो छोटा कॉक असतो, तिथे बारीक बुडबुडे आले. टाकीत साठलेले पाणी आणि कॉम्प्रेसरमधून आलेले तेल यांचा चिकट राप तिथे बसला होता. कॉक साफ करून घट्ट बसवला. बुडबुडे थांबले.

मामा गाडीत चढू लागले. आम्हा दोघांच्या मते काम झाले होते. बिघाड सापडला, की तोच एकमेव बिघाड होता असे माणसाला वाटू लागते. चाचांनी मात्र अडवले. "चढा, पण इंजिन बंद. ब्रेक दाबून धरा."

पाय दाबल्यावर काटा थोडा खाली येणारच, कारण टाकीतली हवा डब्यांत जाते. तिथे तो थांबला पाहिजे. आमचा थांबला नाही, सरकतच राहिला. पाय काढला की स्थिर, ठेवला की खाली. चाचांना एवढे पुरले. पाय न ठेवता हवा जात असेल तर दोष टाकीकडे, व्हॉल्व्हपर्यंतच्या नळ्यांत किंवा व्हॉल्व्हमध्येच. पाय ठेवल्यावरच जात असेल तर बहुधा चाकाकडे, होज पाइपात किंवा डायफ्राममध्ये. आणि इंजिन चालू असूनही हवा भरतच नसेल तर आधी कॉम्प्रेसर पाहायचा, त्याच्या रिंगा, त्याचे व्हॉल्व्ह आणि काजळीने तुंबलेली नळी. पुढच्या उजव्या चाकाचा डबा उघडला. डायफ्रामला कडेने बोटभर चीर होती. रात्री हवा सोडणारा कॉक आम्हाला फार तर सकाळी थोडे थांबवून ठेवत होता. ही चीर आम्हाला माळशेजात नेऊन सोडणार होती, कारण ती फक्त ब्रेक मारतानाच हवा पीत होती.

मी चाचांना विचारले, घाटात सगळीच हवा गेली असती तर? ते हसले. "तो फिर तू है ना, लकडा लेके."

माझ्या पायाशी ठेवलेल्या त्या लाकडी ठोकळ्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. हवा संपली तर ब्रेक लागतच नाहीत, उरतो तो हँडब्रेक. भरलेली गाडी घाटात त्याने आवरणार नाही, म्हणून क्लीनरने उडी मारून चाकाखाली ठोकळा टाकायचा. आमच्यासारख्या हजारो गाड्या या भरवशावर धावत होत्या.

पुढे वाचनाच्या नादात मला कळले, की हा प्रश्न आगगाडीपुरता कधीच सुटलेला होता. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ साली हवेचा ब्रेक काढला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याचा पहिला ब्रेक आमच्या ट्रकसारखाच होता. हवा सोडली की ब्रेक लागे, पण नळी फुटली किंवा डबे तुटून वेगळे झाले की काहीच लागत नसे. १८७२ साली त्याने सगळे उलटे केले. प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र टाकी ठेवली आणि गाडीभर जाणाऱ्या नळीतला दाब कमी झाला, की ब्रेक आपोआप लागेल अशी रचना केली. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबणार.

हे सगळ्यांनी लगेच मान्य केले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ सहलीची एक गाडी चढावर अडकली. तिचा ब्रेक निर्वात पद्धतीचा होता, पण आपोआप लागणारा नव्हता. गाडीचा पुढचा भाग पुढे नेण्यासाठी डबे तोडले आणि मागच्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. दगड टिकले नाहीत. डबे उतारावरून मागे गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आमच्या जवळच्या मानवत रोड स्थानकावरून निजामाच्या काळापासून मीटरगेज गाडी जाई. तिचा ब्रेकही निर्वात पद्धतीचा, पण आपोआप लागणारा. साखळी ओढली की नळीत बाहेरची हवा शिरे आणि गाडी थांबे. शाळकरी पोरेही हे करत. दाब बिघडला की थांबायचे हे त्या गाडीला ठाऊक होते. तिथून काही कोसांवर पाथरीच्या रस्त्यावरच्या ट्रकला ते ठाऊक नव्हते, आणि त्याच्याकडे आर्माच्या दगडाऐवजी लाकूड होते.

त्यात आमच्या सवयी. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करायची, मग इंजिन मंद चालते, कॉम्प्रेसरही मंद, आणि इंजिनाची ओढ सुटल्याने ब्रेक पुन्हा पुन्हा मारावा लागतो. हवा भरण्यापेक्षा खर्च जास्त. शिवाय ड्रम इतके तापतात, की काट्यावर हवा पुरेशी असूनही ब्रेक धरत नाही. हवा आणि तेल दोन्हींवर चालणाऱ्या काही जुन्या गाड्यांत तर काटा सातवर असताना तेल निघून गेलेले असे. काट्याला हे दिसत नाही.

भारतात नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला. त्याबरोबरच्या केंद्रीय नियमांत ब्रेकांसाठी ९६वा नियम आहे. आर्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, अर्थात हा निव्वळ योगायोग. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत हळूहळू दोन वेगळ्या वाटांचे ब्रेक आले, म्हणजे एका वाटेची हवा गेली तरी दुसरी शाबूत. मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक आले. त्यात जाड स्प्रिंग हवेच्या जोराने मागे दाबून धरलेली असते, हवा गेली की ती सुटते आणि चाक जखडते. वेस्टिंगहाऊसचेच तत्त्व, फक्त फार उशिरा आमच्या रस्त्यावर पोचलेले. (तो डबा माहिती नसलेल्याने उघडू नये, आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते.)

चाचांनी नवा डायफ्राम बसवला, पुन्हा इंजिन बंद करून मामांना ब्रेक दाबून धरायला लावला आणि स्वतः काट्याकडे बघत बिडी संपवली. काटा हलला नाही. पैसे घेताना त्यांनी ठोकळा बघायला मागितला आणि त्याची एक कड झिजली आहे म्हणून बदलायला सांगितला.

अलीकडे पाथरीला गेलो होतो. सेलूच्या रस्त्यावर उसाचा एक ट्रक भररस्त्यात उभा, मागे दहा-बारा गाड्यांचे हॉर्न. तरुण ड्रायव्हर वैतागून सांगत होता, "पाइप फुटला, हवा गेली, गाडी जाम झाली. आता हलतच नाही, काका."