पहिलवानाचे बळ आणि रोगाशी झुंज

१८९८ साली हुबळी शहर प्लेगने होरपळले. आज दाजीबानपेठेच्या गर्दीतून वाट काढणाऱ्यास त्या दिवसांची कल्पना येणे कठीण. हाफकिन यांनी आदल्या वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत स्वतःवर टोचून पाहिलेली लस डॉ. ल्यूमन यांनी तेव्हा हुबळीत हजारोंना टोचली. सुईपुढे पहिलवान आणि पाप्याचे पितर सारखेच. देहाचे बळ निराळे आणि रोगाला थोपविणारे बळ निराळे. तालमीच्या मनाला मात्र हा भेद सहजी पटणारा नव्हता. जोर-बैठका मारणाऱ्या, दूध-बदामावर पोसलेल्या गड्याच्या वाटेस आजार जात नाही, ही समजूत अद्यापही पुसलेली नाही.

या भेदाचा माग पुढे रक्तात लागला. १९०१ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील काही धावपटूंचे रक्त लॅराबी नावाच्या डॉक्टराने तपासले. धडधाकट माणसांच्या रक्तात पांढऱ्या पेशी एखाद्या तापकऱ्याप्रमाणे वाढलेल्या होत्या! ही वाढ टिकत नाही, काही तासांतच त्यांतील कित्येक पेशी नेहमीपेक्षाही कमी होतात, हे पुढे कळले. त्याहून गंभीर इशारा दिला तो पोलिओने. १९४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये रिची रसेल यांना आढळले की, पहिली लक्षणे दिसू लागल्यावरही जे अंगमेहनत करीत राहिले, त्यांना लुळेपणा अधिक तीव्र आला. ज्यांनी अंथरूण धरले, ते पुष्कळ अंशी बचावले.

१९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांनी सर्दी-पडशासारखे आजार झाल्याचे कळविले. तशीच तयारी असून न धावलेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होते. अतिश्रमानंतर शरीराची कवाडे काही काळ उघडी राहतात, असा सिद्धान्त मग रूढ झाला. पण २०१८ मध्ये इंग्लंडातील बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी त्यालाच हरकत घेतली. रक्तातून नाहीशा झालेल्या पेशी मरत नाहीत, तर फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्यास जातात, असे त्यांचे म्हणणे. आजाराचे मूळ त्यांच्या मते गर्दी, प्रवास आणि जागरण यांतच अधिक. हा वाद अजून मिटलेला नाही.

कुस्तीगिराच्या बाबतीत तर अंगाला अंग घासून पसरणारा नायटा हे रोजचेच संकट. हौद्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल नि लिंबू कालविण्याची चाल तालमींनी पाळली, ती पांढऱ्या पेशींचे नावही कानी पडण्यापूर्वीपासून.