अवजारे मागाहून येत आहेत

आगगाडीची वाट पाहणारी माणसे दोन प्रकारची. पहिला प्रकार फलाटावर वळकटीवर बसून वाट पाहतो. त्याची गाडी उशिरा का होईना, येते. दुसरा प्रकार घरात कॉम्प्युटरपुढे बसतो आणि गाडीची नव्हे, गाडी बनवायच्या अवजारांची वाट पाहतो. अस्मादिक दुसऱ्या प्रकारात मोडतात. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि रात्री पडद्यावर आगगाडी हाकायची, असा आमचा द्विनोंदी जमाखर्च आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेल्वे सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवरची ड्रायव्हरची नोकरी. सिग्नल पाळायचा, ब्रेक वेळेवर दाबायचा, फलाटावर गाडी नेमकी उभी करायची; फक्त पगार मिळायच्या ऐवजी पैसे आपण भरायचे. इंजिने विकत मिळतात, मार्गही विकत मिळतात. पण ते इंग्लंडचे, जर्मनीचे, अमेरिकेचे. पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ हा मार्ग कोण विकणार? गिऱ्हाईक मी एकटा! तेव्हा आपले स्टेशन पडद्यावर यायचे तर आपणच बांधायला हवे, आणि त्यासाठी गवंड्याला थापी-ओळंबा लागतो तशी अवजारे हवीत.

आता इतिहास. २००१ साली मायक्रोसॉफ्टने ‘ट्रेन सिम्युलेटर’ बाजारात आणला. इंग्लंडच्या कुजू कंपनीने तो बनवला होता. मार्ग सहा: इंग्लंडचा एक, ऑस्ट्रियाचा एक, जपानचे दोन, अमेरिकेचे दोन. पण खरी गंमत अशी की, नवा मार्ग आखायची अवजारेही त्याच तबकडीत होती! हलवायाने जिलेबीबरोबर कढई आणि झाराही बांधून द्यावा, तसे झाले. जगभरच्या हौशी लोकांनी आपापली गावे रुळांवर आणली. आपल्याकडच्या पोरांनी डब्ल्यूडीएम-२ हे आपले डिझेल इंजिन बनवले आणि एकमेकांना वाटले. कॉमर्सच्या पदवीधराला हा व्यवहार कुठल्या खाती टाकावा ते कळत नाही.

मग दुष्काळ सुरू झाला. या गेमचा दुसरा भाग २००३ मध्ये जाहीर झाला, २००४ मध्ये रद्द झाला. २००७ मध्ये पुन्हा जाहीर झाला, आणि २००९ मध्ये तो बनवणारा विभागच बंद झाला. दरम्यान कुजूने ‘रेल सिम्युलेटर’ काढला. गेम आधी आला, आपली इंजिने घालायची अवजारे मागाहून. पुढे २०१७ मध्ये डोव्हटेल कंपनीचा ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ आला. देखणा इतका की, काचेवरचा पाऊस पुसायला हात पुढे जावा. त्याची अवजारे मात्र सर्वांच्या हाती पडली ती २०२३ मध्ये. सहा वर्षे! तेवढ्यात पाच वर्षांची रिकरिंग पिकून वर वर्षभर तशीच पडून राहते.

एवढा वेळ का लागतो, हे चिंचोळीत राहणाऱ्याला तरी समजावे लागू नये. कारखान्यातले लेथ मशीन कसबी कामगारासाठी असते. तेच घरगुती माणसाच्या हाती द्यायचे तर आधी त्याला जाळ्या बसवा, माहितीपुस्तक लिहा, बोट गेले तर कोणाचे ते ठरवा. शिवाय गिऱ्हाइकाला चूल आणि पातेली वाटणारा खानावळवाला निदान माझ्या पाहण्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, खेळच तो. इंग्लंडची गाडी हाका की! हाकली असती. पण आमच्या जिल्ह्यात एक गाडी अशी होती की, ती आता पडद्याखेरीज कुठेच धावू शकत नाही. बार्शी लाइट! अडीच फुटी रूळ, काडेपेटीएवढे डबे. तिचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, जीआयपी रेल्वेतला इंजिन-इन्स्पेक्टर. वाट पाहण्यात तो आम्हा सर्वांचा आजोबा. बार्शी रोड, म्हणजे आताचे कुर्डुवाडी, तिथून बार्शीला छोटी लाइन टाकू द्या, असा प्रस्ताव त्याने १८८७ मध्ये सरकारपुढे ठेवला. कंपनी उभी राहिली १८९५ मध्ये आणि गाडी धावली १८९७ मध्ये. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त ओझे नाही, हा त्याचा हिशेब इतका चोख की, बँकेत असता तर ऑडिटर झाला असता. उत्तरायुष्यात त्याने विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली. बार्शी लाइटचा आणि सावकाश खाली येणाऱ्या छत्रीचा संबंध जुन्या प्रवाशांना समजावून सांगावा लागत नाही.

नव्या शतकाच्या पहिल्या दहाएक वर्षांत ही छोटी लाइन तुकड्यातुकड्याने ब्रॉडगेज झाली. चांगलेच झाले, वारकऱ्यांची, व्यापाऱ्यांची सोय झाली. पण नियतीचा विनोद पाहा: पडद्यावर मार्ग बांधायची अवजारे जगाला मिळाली, साधारण त्याच सुमारास आमचा मार्ग उखडायला सुरुवात झाली.

तरी सगळेच काही कंपन्यांच्या मर्जीवर राहिले नाही. हौशी मंडळींनी ‘ओपन रेल्स’ नावाचा फुकट कारभार उभा केला. २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि जुन्या गेमसाठी बांधलेले मार्ग त्यात आजही धावतात. म्हणजे अवजारांची सबब आता संपली. आता टंचाई आहे ती वेगळ्याच मालाची. स्टेशनाचा निंब कुठे होता, पाण्याची टाकी कुठल्या अंगाला, वळणावर शिट्टी एकदा की दोनदा, हे कुठल्याही तबकडीत मिळत नाही. ते मिळते आमच्याच काउंटरवर, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला आलेल्या निवृत्त रेल्वेवाल्यांपाशी. दरवर्षी ती रांग थोडी आखूड होते. म्हणून हल्ली मी दाखला पुढे सरकवताना हळूच विचारतो, ‘काका, टाकी कुठल्या बाजूला होती हो?’

‘थांबा की साहेब,’ एक काका म्हणाले, ‘आधी मी जिवंत आहे ते लिहून घ्या. मग टाकीचं सांगतो.’

मी दोन्ही लिहून घेतले. मागच्या रांगेने पुष्कळ आरडाओरडा केला. पण टाकी डाव्या अंगाला होती.